थॉनी: प्रोग्रॅमच्या आत काय चालले आहे, ते दाखवणारा एडिटर

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या सत्रात, प्रात्यक्षिकाच्या वर्गात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार ‘एरर येते आहे’ ही नसते, तर ‘एरर येत नाही, पण उत्तर चुकते आहे’ ही असते. एरर आली की संगणक निदान ओळीचा क्रमांक तरी सांगतो. उत्तर चुकते तेव्हा मात्र तो अगदी गप्प असतो, आणि स्वतःच लिहिलेल्या पंधरा ओळींकडे टक लावून पाहत बसण्यापलीकडे विद्यार्थ्याला काही सुचत नाही. थॉनी हा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठीचा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचे आणि चालवायचे साधन, या गप्प बसण्यावरचा उपाय म्हणूनच घडवलेला आहे. गेली काही सत्रे विद्यापीठातील प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांमध्ये मी तो नवशिक्या विद्यार्थ्यांबरोबर वापरत आलो आहे. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले असल्यामुळे अनुभवी प्रोग्रॅमरला थॉनी कसा वाटेल, या प्रश्नाचा विचार येथे फारसा केलेला नाही.

थॉनीची निर्मिती एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात झाली आणि आयव्हार अन्नामा हे त्याचे मुख्य कर्ते आहेत. तो मोफत आहे, एमआयटी या मुक्त परवान्याखाली खुला आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर तयारच मिळतो. विंडोज आणि मॅकवर तो बसवताना पायथन वेगळे बसवावे लागत नाही, कारण ते त्याच्याबरोबरच येते. ही बाब किरकोळ वाटेल. परंतु ज्यांनी पहिले संपूर्ण प्रात्यक्षिक ‘माझ्या लॅपटॉपवर पायथन सापडत नाही’ या एकाच वाक्यात वाहून गेलेले पाहिले आहे, त्यांना तिचे मोल सांगावे लागणार नाही.

उघडल्यावर थॉनी अगदी साधा दिसतो. वर प्रोग्रॅम लिहायची जागा आणि खाली शेल, म्हणजे एकेक आज्ञा देऊन तिचे उत्तर पाहण्याची जागा, एवढेच. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची (किंमत साठवणाऱ्या नावांची) चौकट मात्र पहिल्याच दिवशी उघडून ठेवावी आणि सत्र संपेपर्यंत बंद करू नये. तिच्यात प्रत्येक व्हेरिएबलचे नाव आणि त्याची त्या क्षणीची किंमत दिसते.

या चौकटीचा पहिला उपयोग ‘बरोबर’ या चिन्हाबद्दलचा गोंधळ दूर करण्यासाठी होतो. शाळेत बारा वर्षे जे चिन्ह ‘डावी बाजू आणि उजवी बाजू समान’ या अर्थाने वापरले, तेच चिन्ह येथे ‘उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावाला दे’ असा हुकूम होते, आणि ‘क = क + १’ ही ओळ गणिताची सवय असलेल्या मनाला सरळसरळ खोटी वाटते. (या लेखातील नावे आणि अंक देवनागरीत आहेत. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येते. ‘बेरीज’ हे नाव तो विनातक्रार स्वीकारतो. प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेला अंक मात्र 1, 2, 3 अशा आकड्यांतच लागतो, तरीही अवतरणात दिलेल्या ‘१२’ या देवनागरी मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करण्यास सांगितले, तर पायथन ते बिनचूक करतो. ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी मात्र तो ६ सांगतो, कारण हलन्ताचे चिन्ह आणि मात्रा तो स्वतंत्र मोजतो.) दोन व्हेरिएबलांच्या किमतींची अदलाबदल करायला सांगितली की वर्गातील बरेच जण ‘अ = ब’ आणि त्याखाली ‘ब = अ’ असे लिहितात. फळ्यावर हे समजावून देता येते. परंतु पहिली ओळ पार पडताच चौकटीत दोन्ही नावांसमोर एकच आकडा दिसतो, आणि ‘अ’ची जुनी किंमत आता कोठेही उरलेली नाही हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. तिसरे व्हेरिएबल हवे, ही मागणी मग त्याच्याकडूनच येते.

आता थॉनीच्या खऱ्या गुणाकडे वळतो. प्रोग्रॅम एफ ५ ने चालवण्याऐवजी कंट्रोल आणि एफ ५ ही बटणे एकत्र दाबून चालवला, तर तो पहिल्याच ओळीपाशी थांबतो. त्यानंतर एफ ६ दाबले की एक मोठे पाऊल पडते आणि एफ ७ दाबले की एक लहान पाऊल पडते. मोठे पाऊल म्हणजे सर्वसाधारणपणे एक पूर्ण ओळ; हे तर कोणत्याही डिबगरमध्ये, म्हणजे चूक शोधण्यासाठी प्रोग्रॅम थांबवत चालवणाऱ्या साधनात, असते. लहान पाऊल मात्र ओळीच्या आत शिरते. त्या ओळीतील पदावली (जिची किंमत काढायची तो भाग) फिकट निळ्या चौकटीत येते आणि प्रत्येक वेळी एफ ७ दाबल्यावर तिचा एकेक भाग त्याच्या किमतीने बदलला जातो. कागदावर गणित सोडवताना आपण पायरीपायरीने ओळ लहान करत नेतो, अगदी तसेच.

याचे महत्त्व पटवण्यासाठी नवशिक्यांची एक अगदी नेहमीची चूक घेतो. वापरणाऱ्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘होय’ असेल तर पुढे जायचे आहे. विद्यार्थी लिहितो (‘==’ म्हणजे ‘समान आहे का’): जर उत्तर == ‘हो’ किंवा ‘होय’. आपल्या बोलण्याच्या भाषेत हे वाक्य निर्दोष आहे, म्हणून ही चूक कितीही वेळा वाचली तरी दिसत नाही. प्रोग्रॅम ‘नाही’ या उत्तरालाही पुढे जाऊ देतो आणि विद्यार्थी चक्रावतो. थॉनीत ही ओळ लहान पावलांनी चालवली, की निळ्या चौकटीत आधी ‘उत्तर’ या नावाच्या जागी ‘नाही’ हा मजकूर येतो, मग ‘नाही’ == ‘हो’ या तुलनेच्या जागी फॉल्स (खोटे) येते, आणि मागे उरते ते ‘फॉल्स किंवा होय’. येथे विद्यार्थ्याचा हात थांबतो. ‘होय’ची तुलना कशाशीच झालेली नाही, तो मजकूर नुसताच उभा आहे, आणि रिकामा नसलेला कोणताही मजकूर पायथन खरा मानतो, या तीन गोष्टी एकाच ठिकाणी उलगडतात. ही चूक मी पूर्वी अनेकांना तोंडी समजावली आहे. मान डोलावून पुढच्या आठवड्यात तेच लिहिणारे कमी नव्हते. निळी चौकट पाहिलेल्यांपैकी ती पुन्हा करणारे मला क्वचितच आढळले.

प्रिंट (पडद्यावर दाखवणे) आणि रिटर्न (उत्तर परत देणे) यांतील फरकालाही हीच चौकट उपयोगी पडते. दोन संख्यांची बेरीज करणारे फंक्शन (नाव देऊन हवे तेव्हा चालवता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा) लिहायला सांगितले, की पुष्कळ विद्यार्थी उत्तर रिटर्न करण्याऐवजी प्रिंट करतात. पडद्यावर आकडा दिसतो, म्हणजे फंक्शन चालले, असा त्यांचा समज होतो आणि तो काही अगदीच अतार्किक नाही. पुढे त्याच फंक्शनच्या उत्तरात काही मिळवायचे म्हटले की प्रोग्रॅम कोलमडतो. लहान पावलांनी गेल्यास, फंक्शनला हाक मारणारा तो तुकडा निळ्या चौकटीत ‘नन’ या शब्दाने बदललेला दिसतो. नन, म्हणजे काहीच नाही. आकडा पडद्यावर गेला, हाक मारणाऱ्याच्या हाती मात्र काही आले नाही. इनपुटने वापरणाऱ्याकडून घेतलेली किंमत संख्या नसून मजकूर असते आणि म्हणून ५ व ७ यांची बेरीज ५७ येते, हेही व्हेरिएबल्सच्या चौकटीत आकड्याभोवती दिसणाऱ्या अवतरणचिन्हांवरून लगेच ध्यानात येते.

फंक्शनच्या आत लहान पावलाने शिरले, की थॉनी त्या हाकेसाठी एक स्वतंत्र खिडकी उघडतो. तिच्यात फंक्शनचा मजकूर असतो आणि त्या हाकेपुरत्या व्हेरिएबलांची वेगळी यादी असते. बाहेरचा ‘न’ आणि आतला ‘न’ एकच नव्हेत, हा मुद्दा शिकवण्यासाठी इतके सोपे साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणे, शिकवताना तर मी फळा जवळपास सोडूनच दिला आहे. पाचचा फॅक्टोरियल (१ ते ५ या संख्यांचा गुणाकार) काढणारे फंक्शन चालवले, की पहिल्या खिडकीत न ५ असतो, तिच्यावर उघडलेल्या दुसरीत ४, मग ३, २ आणि १. पाचही खिडक्या एकमेकींवर रचल्या जातात आणि वरची खिडकी उत्तर देऊन मिटली की तिच्याखालची पुन्हा जागी होऊन आपले अर्धवट राहिलेले गुणाकाराचे काम पूर्ण करते. १, २, ६, २४, १२० अशी उत्तरे खाली उतरत येताना पाहिली, की ‘फंक्शन स्वतःलाच कसे बोलावू शकते’ हा प्रश्न बहुतेकांच्या मनातून निघून जातो. थांबण्याची अट विसरली असेल तर खिडक्या मिटण्याचे नावच घेत नाहीत. पायथन नेहमीच्या मांडणीत साधारण १,००० हाकांच्या खोलीवर स्वतःहून एरर देतो. पण एफ ७ दाबणारा विद्यार्थी त्याआधीच कंटाळतो आणि अट शोधू लागतो. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर या खिडक्यांची दाटी होते, हे मात्र खरे.

लिस्टच्या (अनेक किमतींच्या यादीच्या) बाबतीत येणारी अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘अ’ ही लिस्ट ‘ब’ला दिली आणि ‘ब’मध्ये एक घटक वाढवला, तर ‘अ’सुद्धा वाढलेली दिसते. विद्यार्थी याला पायथनची खोडी समजतात. थॉनीच्या व्ह्यू मेनूत हीप नावाची चौकट आहे. ती उघडली की व्हेरिएबलांसमोर किमतीऐवजी क्रमांक दिसू लागतात आणि प्रत्येक क्रमांकाची वस्तू हीपच्या चौकटीत वेगळी मांडलेली असते. अ आणि ब यांच्यासमोर एकच क्रमांक पाहिल्यावर दोन नावे एकाच वस्तूची आहेत, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज उरत नाही. ही चौकट पहिल्या महिन्यात उघडू नये, असे माझे मत आहे. क्रमांकांची गर्दी पाहून नवखा विद्यार्थी बुजतो, आणि तोवर ‘नाव आणि त्याची किंमत’ एवढे सोपे चित्र त्याच्या कामाला पुरेसे असते. थॉनीच्या कर्त्यांनीही सोपे चित्र आधी आणि खरे चित्र मागाहून, हाच क्रम ठेवला आहे, हे मला विशेष आवडले.

चूक आत कोठे घडते हे पाहण्याची सोय एवढी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी या क्षेत्रातील एका जुन्या अभ्यासाची आठवण ठेवावी लागते. मायकेल मॅकक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना, पहिला अभ्यासक्रम संपवल्यावर कोणालाही जमावेत अशी अपेक्षा असलेले प्रश्न दिले गेले. त्यांचे सरासरी गुण ११० पैकी २२.८९ इतके आले. व्याकरण माहीत असूनही प्रोग्रॅम रचता येत नाही, ही शिक्षकांची जुनी कुरकुर त्यानंतर कुरकुर राहिली नाही. त्याआधी, १९८० च्या दशकात, येल विद्यापीठातील एलियट सोलोवे यांनी पावसाच्या नोंदींचा प्रश्न वापरला होता, आणि तो आजही नवशिक्यांना चकवतो. पावसाचे आकडे एकामागून एक घ्यायचे, ९९९९९ हा आकडा आला की थांबायचे आणि सरासरी सांगायची. ९९९९९ ही थांबण्याची खूण आहे, तो पाऊस नव्हे.

हा प्रश्न मी दर सत्रात देतो. विद्यार्थी बहुधा असे लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी) लिहितो, की आकडा घे, बेरजेत मिळव, मोजणी एकने वाढव आणि मग तो ९९९९९ आहे का ते तपास. चाचणीसाठी ५, ७ आणि ९९९९९ दिले, की सरासरी ६ येण्याऐवजी ३३३३७ येते. गंमत अशी, की हा आकडा पाहून बहुतेक जण भागाकाराच्या ओळीकडे धाव घेतात, कारण चुकीचे उत्तर तेथून बाहेर पडलेले असते. थॉनीत मोठी पावले टाकत गेल्यास व्हेरिएबल्सच्या चौकटीत बेरीज आधी ५ होते, मग १२ होते आणि मग एकदम १०००११ वर उडी मारते. उडी कोठे बसली ते दिसते, आणि ती भागाकारापाशी बसलेली नाही, हेही दिसते. तपासणी मिळवण्याच्या आधी यायला हवी, हा शोध विद्यार्थी स्वतः लावतो. पहिलाच आकडा ९९९९९ दिला तर काय होईल, हे मी मग विचारतो. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तेव्हा शून्याने भागायला जातो आणि या वेळी एरर स्वतःच बोलते.

या सोयीचा एक दुरुपयोगही मी पाहिला आहे आणि तो सांगणे आवश्यक आहे. काही विद्यार्थी एफ ७ इतक्या भराभर दाबतात, की पडद्यावरचे आकडे नुसते पळत राहतात. पाहिले सगळे, उमगले काहीच नाही, अशी त्यांची गत होते. म्हणून मी एक नियम केला आहे. बटण दाबण्यापूर्वी पुढच्या पावलाला कोणती किंमत बदलेल, हे वहीत पेन्सिलीने लिहायचे आणि मगच दाबायचे. अंदाज आणि पडदा जुळले नाहीत, तर तेवढ्यापुरते थांबायचे. सुरुवातीला विद्यार्थी याला कंटाळतात, वेळ फार जातो अशी तक्रार करतात, आणि ती तक्रार खरीही आहे. दहा ओळींच्या प्रोग्रॅमला अर्धा तास लागतो. परंतु संगणकाकडून तयार प्रोग्रॅम लिहून घेण्याची साधने आता प्रत्येकाच्या हाताशी असताना, तो प्रोग्रॅम आपल्याला ओळीओळीने वाचता येतो की नाही, हे तपासण्याची दुसरी पद्धत मला सापडलेली नाही. उसना आणलेला प्रोग्रॅमही मी याच नियमाने चालवायला लावतो.

एररच्या बाबतीत थॉनीची मदत मध्यम दर्जाची म्हणावी लागेल. न मिटवलेला कंस किंवा अवतरण तो लिहितानाच रंगवून दाखवतो, ही सोय उत्तम आहे. प्रोग्रॅम कोलमडल्यावर असिस्टंट नावाची चौकट उघडते आणि संभाव्य कारणे सुचवते. तिच्यातील काही सूचना नेमक्या असतात, काही मात्र नवशिक्याच्या डोक्यावरून जातात. शिवाय पायथनने स्वतःच्या एररचे शब्द २०२१ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून बरेच सुधारले आहेत. कोणता कंस उघडा राहिला, हे तो आता थेट सांगतो. त्यामुळे ही चौकट पूर्वीइतकी गरजेची राहिलेली नाही.

इतर साधनांशी तुलना करायची तर पायथनबरोबर येणारा आयडल हलका आहे, पण त्याच्या डिबगरकडे विद्यार्थी फिरकत नाहीत. व्हीएस कोड हा कामाच्या जगातील एडिटर आहे आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या मेनूंतून वाट काढण्यातच शक्ती खर्च होते. ज्युपिटर नोटबुक आकडेवारीच्या कामासाठी उत्कृष्ट आहे. मात्र तिच्यातील खाने, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे तुकडे, हव्या त्या क्रमाने चालवता येतात आणि आधी चालवून नंतर पुसून टाकलेल्या खान्यातील व्हेरिएबल मागे जिवंत राहते. प्रोग्रॅम वरून खाली चालतो, ही एकमेव खात्री ज्याला नुकतीच मिळाली आहे, त्याच्या हाती ही नोटबुक देऊ नये.

थॉनीच्या मर्यादा त्याच्या हेतूतूनच आलेल्या आहेत. तो फक्त पायथन आणि मायक्रोपायथनसारख्या तिच्या भावंडांसाठी आहे. ज्या विद्यापीठात पहिला अभ्यासक्रम सी किंवा जावामध्ये शिकवतात, तेथे त्याचा उपयोग नाही. दहा हजार फेऱ्यांच्या लूपमधून लहान पावलांनी जाणे अशक्यच असते, आणि मोठ्या प्रोग्रॅमवर हा सविस्तर डिबगर मंदावतो. त्यासाठी रन मेनूत वेगवान डिबगरचा वेगळा पर्याय ठेवलेला आहे, परंतु त्यात पदावलीच्या आत शिरणारी निळी चौकट मिळत नाही. अनेक फाइलींचा प्रकल्प सांभाळणे किंवा गिट (प्रोग्रॅममधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) वापरणे, यांची सोय पाहायची तर दुसरीकडेच जावे लागते.

म्हणून माझ्या वर्गात थॉनीची मुदत ठरलेली असते. पहिल्या सत्रातील व्हेरिएबल, अटी, लूप, फंक्शन, लिस्ट आणि रिकर्शन एवढा भाग थॉनीत होतो. शेवटच्या तीन आठवड्यांचा छोटा प्रकल्प, ज्यात दोन-तीन फाइली एकमेकींना जोडाव्या लागतात, व्हीएस कोडमध्ये होतो. त्या वेळी विद्यार्थी तेथेही सर्वांत आधी व्हेरिएबल्सची चौकट कोठे आहे, हे विचारतात, आणि निळी चौकट नाही असे कळल्यावर काही जण अडलेला तुकडा उचलून पुन्हा थॉनीत नेऊन चालवतात. मी त्यांना अडवत नाही.